कोटाची बटणं कुठल्या बाजूला होती

माझा धाकटा भाऊ मोराँ याने आयुष्यात एकही फोटो उलटा छापला नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. कारण फ्रेंच-जर्मन सीमेवरच्या आमच्या विन्ट्सबाख गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, मोराँ हेबरले ना, तोच तो, उलट्या फोटोवाला. त्यांना काय कळतंय.

मी तिएबो, थोरला. शिंपी. इथून कोल्मारपर्यंत जेवढे नवरदेव चर्चच्या पायऱ्या चढले, त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर माझा कोट होता. शाळा बेताचीच, तीही जर्मन मास्तरांच्या छडीखाली. नंतर फ्रेंच आले, तोवर माझ्या हातात कात्री आली होती. दुकानाची पाटी मी तीनदा रंगवली. एकदा फ्रेंच, मग जर्मन, मग परत फ्रेंच. सरकारं बदलली, पण माणसाच्या छातीचं माप कुठल्याच सरकारात बदललेलं मी पाहिलं नाही.

मोराँला कॅमेरा मी मिळवून दिला. कोल्मारच्या म्हाताऱ्या वेंडलिंग फोटोग्राफरच्या मुलीचं लग्न होतं. त्याला शेपटीचा काळा कोट हवा होता. मी म्हटलं, पैसे नकोत, तो कोपऱ्यातला जुना कॅमेरा दे, आणि ते फोटो मोठे करायचं यंत्र पण दे. म्हातारा कुरकुरला, पण कोट अंगात घालून आरशात बघितलं आणि गप्प देऊन टाकलं. असा कोट होता तो. दुकानामागची कापडाची खोली मी रिकामी केली, खिडकीला काळं अस्तर ठोकलं, लाल दिवा लावला. झाली मोराँची डार्करूम. पेपरवाल्यांनी त्याला तिथूनच नोकरीला उचलला.

मोराँ जन्मला १९०७च्या डिसेंबरात, एकवीस तारखेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आमची पोरं जबरदस्तीने त्यांच्या फौजेत न्यायला सुरुवात केली तेव्हा १९०८पासून जन्मलेली नेली. अकरा दिवसांनी वाचला. आई म्हणायची, मी घाई केली म्हणून. मोराँ मात्र कधी हसला नाही त्यावर. त्याच्याच शाळेतली, त्याच्याच गल्लीतली पोरं गेली. नाही म्हणावं तर आईबापांना छावणीत टाकायचे.

जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जण फोटो काढायला आमच्याकडे यायचा. घरच्यांसाठी. ज्याच्याकडे बरा कोट नसेल त्याला मी खुंटीवरचा करडा कोट द्यायचो. मागून पिना लावल्या की कुणालाही बसायचा. त्या एका कोटात गावची एकतीस पोरं फोटोत आहेत. आज भिंतींवर बघाल तर एकतीस घरांत माझा तोच कोट दिसेल.

आर्बोगास्टही त्याच कोटात बसला. आर्बो म्हणजे आमचा पिंपं बनवणारा. ह्या भागात वाइन आहे म्हणजे पिंपं आली, आणि पिंपं म्हणजे आर्बो. तरुणपणी एकदा लोखंडी पट्टा ठोकताना सुटला आणि त्याचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडून गेला. तो व्रण कायमचा राहिला. त्याची बायको सालोमे शेजारी उभी होती.

मोराँ म्हणाला, "आर्बो, जरा उजवा गाल इकडे कर. व्रण दिसतोय."

"दिसू दे की. बायको त्याच्यावरनंच ओळखते मला. बाकी तोंडाचं काय, पिंपवाल्यांची सगळ्यांचीच तोंडं सारखी. सुजलेली."

"खोटं बोलतोय," सालोमे म्हणाली. "मी ह्याला वासावरनं ओळखते. दहा पावलांवरनं."

"मग फोटो कशाला हवाय तुला?"

"वास पाठव म्हणावं रशियातनं. नाही ना पाठवता येत? मग बस गप्प."

सगळे हसलो. फोटोत आर्बोच्या ओठांवर ते हसू अर्धवट राहिलंय.

लढाई आमच्या दारात आली ती पंचेचाळीसच्या जानेवारीत, मांडीभर बर्फात. तेव्हाचे मोराँचे फोटो बाहेरच्या लोकांनीही पाहिलेत, पण ते त्याचे आहेत हे कुणाला ठाऊक नाही. भिंत पडलेल्या घराचा उंबरठा झाडणारी म्हातारी आहे ना, ती आमची मावशी. मेलेल्या घोड्याभोवती पातेली घेऊन उभ्या बायका, तो फोटो नदीच्या पुलाजवळचा. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये छत्र्या उघडून प्रार्थनेला बसलेली माणसं. मी सांगतो, पॅरिसच्या मोठमोठ्या फोटोवाल्यांकडे असलं काही नव्हतं. त्यांच्याकडे सेनापती होते, आमच्या मोराँकडे माणसं होती.

लढाई संपली आणि रशियातल्या तांबोवच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून आमची पोरं परत यायला लागली. म्हणजे जी उरली होती ती. गाडी येणार कळलं की कोल्मारच्या फलाटावर बायका उभ्या राहायच्या, हातात फोटो उंच धरून. ह्याला पाहिलंत का? ह्याला कुणी पाहिलंत का? डब्यातली हाडं झालेली माणसं एकेका फोटोकडे बघायची आणि मान हलवायची. मोराँ तिथे पेपरसाठी फोटो काढायचा. घरी आला की जेवायचा नाही.

"दादा, त्यांच्या हातात सगळे माझेच फोटो. तुझाच कोट. फलाटभर माझेच फोटो माझ्याकडे बघतात."

"मग? अभिमान वाटू दे," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटायचं.

सप्टेंबरात ब्लेझ परत आला. खालच्या आळीतला गाडीवान, आर्बोच्याच बराकीत होता. वजन असेल चाळीस किलो. तो आधी आपल्या घरी गेला नाही, सालोमेकडे गेला. आर्बो फेब्रुवारीतच गेला म्हणाला, जुलाबाने. डोळे मीच मिटले, असं सांगितलं त्याने. सालोमेने त्याला सूप दिलं, तो पिताना त्याचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

"भाऊजी, काळं शिवा. साधंच."

मी शिवलं. चर्चमध्ये आर्बोच्या नावाने प्रार्थना झाली. मग तिने कोर्टात अर्ज घातला, नवरा मेला असं जाहीर करावं म्हणून. त्याशिवाय बाईला ना पेन्शन, ना घर नावावर, ना दुसरं लग्न. आणि लग्नाचं म्हणाल तर सेलेस्ताँ होता, वरच्या मळ्याचा, विधुर, भला माणूस. घाई कुणालाच नव्हती. पण रविवारी तिच्या फाटकाशी त्याची सायकल दिसायची आणि गावाने तिकडे न बघायचं ठरवलं होतं. आमच्या गावाने एवढा चांगुलपणा पुन्हा कधी दाखवला नाही.

आता ऑक्टोबरचा तो दिवस.

गाडी कोल्मारला दहा मिनिटं थांबून पुढे स्ट्रासबुर्गला जाणार होती. पाऊस. मोराँला आधीच खोकला. तो भिजत सायकलवर घरी आला, फिल्म धुतली, वाळत टाकली, आणि तिथेच जमिनीवर बसला. अंग भट्टीसारखं. पेपरवाल्याचा माणूस दोन वाजता फोटो न्यायला येणार होता. पहिल्या पानाचा.

"मला उठव, दादा. फक्त एक छापायचाय."

"तू गप पड. मला येतं ते. शंभर वेळा पाहिलंय तुला करताना."

"डब्याचं दार आणि शेजारची खिडकी, तेवढंच घे. खाली डब्यावर खडूने लिहिलेली अक्षरं आहेत, ती सोड. पेपरच्या साहेबांना चेहरे हवेत. आणि बाजू नीट बघ."

"अरे, बाजू मला सांगतोस? मी शिंपी आहे."

आणि मी खरंच बाजू बघितली. कापडाची सुलट बाजू मला अंधारात बोटांनी कळते. मऊ, चकचकीत ती सुलट. खरखरीत, मंद ती उलट. फिल्मलाही एक बाजू चकचकीत असते, एक मंद. सुलट बाजू कागदाकडे ठेवायची, म्हणजे चकचकीत बाजू खाली. मी तशीच लावली. फिल्मचं असतं बरोबर उलटं. चित्र मंद बाजूवर असतं, ती कागदाकडे हवी. दुसरा कुणी अडाणी असता तर त्याने अंदाजाने लावली असती आणि कदाचित बरोबर लावली असती. मी माझ्या धंद्याच्या अकलेने लावली.

खडूची अक्षरं चौकटीत घेतली असती तर पेपर निघाल्यावर ती उलटी दिसून मला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी कळलं असतं. ती सोडायला सांगितली होती. मी सोडली. फोटो झकास आला. दारात दाटलेली दहा माणसं, भादरलेली डोकी, जर्मन फौजेचे जुने कोट, आणि बाजूच्या खिडकीत अकरावा, एकटा, फलाटाकडे बघणारा. पेपरवाल्याचा माणूस म्हणाला, "मोराँने कमाल केली." मी म्हणालो, "हेबरले आहे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार धाडकन उघडलं. सालोमे. काळे कपडे, पायात एकच बूट.

"भाऊजी! हा कोण? हा कोण आहे सांगा!"

पेपर माझ्या कापडावर आपटला. खिडकीतला अकरावा माणूस. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत व्रण.

"आर्बो," मी म्हणालो. खरंच मला तसं दिसलं. व्रण आणि भादरलेलं डोकं, त्यापलीकडे चेहरा होताच कुठे? छावणीने सगळ्यांचे चेहरे खाऊन टाकले होते.

ती रडली, हसली, माझ्या टेबलावरची टेप गळ्याभोवती गुंडाळून नाचली. मग एकदम थांबली.

"मी नव्हते, भाऊजी. त्या दिवशी मी फलाटावर नव्हते. बघा कसा बघतोय. मला शोधतोय. सगळ्यांच्या बायका होत्या आणि मी नव्हते."

त्याच दिवशी तिने कोर्टातला अर्ज मागे घेतला. ब्लेझला जाऊन खोटारडा म्हणाली. बिचारा ब्लेझ फोटोकडे बघत म्हणाला, "फोटो खोटं कसं सांगेल? मी दुसऱ्याच कुणाचे डोळे मिटले असतील. तिथे सगळे सारखेच दिसायचे." त्यानंतर तो माणूस स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवीना. सेलेस्ताँची सायकल दिसेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी मी पेपर दुकानाच्या काचेत लावायला घेतला. माझ्या भावाचा फोटो, पहिल्या पानावर. छाती फुगवून बघत होतो. मी चेहरे बघत नव्हतो, मी कोट बघत होतो. शिंपी आणखी काय बघणार.

पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बटणं उजवीकडे. बायकांचं उलट. एका माणसाने चुकून बायकोचा कोट घातला असं होईल. पण अकराच्या अकरा माणसांची उजवी बाजू वर होती.

मी पेपर तसाच हातात धरून खाली बसलो. सगळं कळलं. फोटो मी उलटा छापला होता, खिडकीतल्या माणसाचा व्रण खरा उजव्या गालावर होता. तो आर्बो नव्हता. कोण होता देव जाणे, लोरेनकडचा असेल, पुढे कुठेतरी उतरला असेल आणि त्याच्या बायकोने त्याला मिठी मारली असेल.

तेव्हा उठून सालोमेच्या घरी जायला मला चार मिनिटं लागली असती. गेलो नाही. का, ते लिहितो. आदल्याच संध्याकाळी पेपरच्या साहेबांची चिठ्ठी आली होती. पॅरिसच्या साप्ताहिकाने मोराँचा तो फोटो घेतला होता, नावासकट. 'मोराँ हेबरले, कोल्मार.' आतमध्ये मोराँ तापात बडबडत होता आणि मी त्याला ते नाव वाचून दाखवलं होतं. आमच्या बापाचं नाव कुणी कधी थडग्याखेरीज कुठे छापलं नव्हतं. मी म्हटलं, बटणं कोण बघतंय. गावात शिंपी एकच आहे.

पंधरा दिवसांनी मोराँ उठला. काचेतला पेपर बराच वेळ बघत राहिला.

"दादा, दार डावीकडे होतं ना? मी उभा होतो तिथून मला दार डावीकडे आठवतंय."

"तापात होतास तू."

"फिल्म कुठाय?"

"तुझ्या डब्यात ठेवली. आता झोप."

त्याचा माझ्यावर विश्वास होता. लहानपणापासून मी जे सांगितलं ते त्याने खरं मानलं. आणि सालोमे दारात उभीच होती. मोराँभाऊ, चल माझ्याबरोबर, तू त्याला डोळ्यांनी पाहिलंस.

पुढची साडेचार वर्षं मोराँ रजा मिळेल तेव्हा तिच्याबरोबर हिंडला. शालोंचं परतणाऱ्यांचं केंद्र, स्ट्रासबुर्गची इस्पितळं, नान्सीचं वेड्यांचं इस्पितळ, कारण काही जण स्वतःचं नाव विसरून आले होते. प्रत्येक ठिकाणी तो फोटो पुढे करायचे. लोक मान हलवायचे. गावाचा चांगुलपणा तोवर संपला होता.

दारूच्या गुत्त्यात एकदा कुणीतरी विचारलं, "काय मोराँ, तिचा नवरा शोधतोयस की नवऱ्याची जागा?"

मी त्याच्या तोंडावर ग्लास रिकामा केला. मोराँने मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "अकरा दिवसांचं देणं आहे, दादा. मी राहिलो, ते गेले. एक तरी शोधून आणतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते दर महिन्याला जड होत गेलं.

सालोमेच्या अंगणात आर्बोची बावीस रिकामी पिंपं होती. रिकामं पिंप कोरडं पडलं की फळ्या आकसतात, पट्टे घसरतात आणि सगळं उलगडून जमिनीवर येतं. म्हणून ती दर आठवड्याला विहिरीचं पाणी ओढून बावीस पिंपं भरायची, रिकामी करायची. तो आला की म्हणेल, बायको आळशी निघाली. असं पहिल्या वर्षी म्हणायची. दुसऱ्या वर्षी म्हणायची, येऊ दे तर खरा, ह्याच पाण्यात बुडवते. तिसऱ्या वर्षी तिचं ठरलं की तो तिला टाकून गेलाय. सेलेस्ताँचं त्याच्या कानावर गेलं असणार, म्हणून तो गाडीतून उतरलाच नाही, दुसरीकडे कुणीतरी केली असणार. सगळ्या संतांच्या सणाला गाव आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतं. ती हात रिकामे ठेवून दफनभूमीच्या फाटकातून जायची आणि मोठ्याने म्हणायची, "माझा मेलेला नाही. माझा हरामखोर आहे." पिंपं मात्र भरायची.

एकदा अंगणात मला म्हणाली, "भाऊजी, मेला असता ना, तर मी त्याच्यावर आयुष्यभर माया केली असती."

मी बादली उचलायला मदत केली आणि घरी आलो.

पन्नास सालच्या वसंतात कोल्मारच्या नगरपालिकेने प्रदर्शन ठरवलं, लढाई संपून पाच वर्षं झाली म्हणून. मोराँचे चाळीस फोटो, दाराएवढे मोठे. पेपरचे साहेब म्हणाले, गाडीचा तो फोटोही घ्या, पूर्ण, कापू नका. मोराँने जुनी फिल्म काढली. मी बाहेर शिवत होतो. आतून पाण्याचा आवाज थांबला.

तो ओला फोटो हातात घेऊन बाहेर आला आणि माझ्या टेबलावर ठेवला. दार डावीकडे. खाली खडूची अक्षरं, सुलटी, कुणीही वाचावीत अशी. खिडकीतल्या माणसाचा उजवा गाल फाटलेला. आणि कोटांची बटणं जिथे असायला हवीत तिथे.

"दादा, हा तू छापलास."

"हो."

"चुकला."

"हो."

तो काचेतल्या पिवळ्या पडलेल्या पेपरकडे गेला, परत आला. त्याची नजर माझ्या हातातल्या कोटावर होती. मी त्या वेळी बटणच लावत होतो.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता. "तुझी नजर बटणावर गेली नाही असं होणारच नाही. किती दिवस?"

"तिसऱ्या दिवसापासून."

मला वाटलं तो मारेल. मी तयार होतो. तो स्टुलावर बसला आणि लहानपणी पडल्यावर बसायचा तसा दोन्ही गुडघे धरून बसला.

मी बोलत सुटलो. म्हटलं, दुसरा कुठला तरी फोटो दे, नाहीतर हाही उलटाच छाप, कुणाला कळतंय. म्हटलं, तुझं नाव जाईल, नोकरी जाईल. म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठी केलं.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "बरं."

त्याच दुपारी तो सालोमेकडे गेला. मी मागे गेलो, पण फाटकाच्या बाहेर थांबलो. तिथून सगळं ऐकू आलं.

"सालोमे, तो आर्बो नाही. फोटो उलटा छापला गेला. मी छापला. माझी चूक."

मी फाटकाची कडी धरली होती. आत जाऊन 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. गेलो नाही.

ती आधी चिडली. "आता उलटा केलास! तुला कोर्टवाल्यांनी शिकवलं. इतकी वर्षं हा असाच होता!" मोराँने तिला अक्षरं दाखवली. मग शांतपणे म्हणाला, "कोट बघ. बटणं बघ." तिने आर्बोचे कोट पंधरा वर्षं धुतले होते. तिला बाजू कळली.

मग ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे ब्लेझने खरंच त्याचे डोळे मिटले."

"हो."

"आणि मी साडेचार वर्षं त्याला शिव्या दिल्या. एक फूल नाही, एक मेणबत्ती नाही. तिथे कुठल्या खड्ड्यात पडलाय तो, आणि मी इथे रोज सकाळी उठून त्याला शिव्या दिल्या."

मोराँ काहीतरी म्हणाला.

"जा," ती म्हणाली. "परत तुझं तोंड दाखवू नको. फोटोत जिवंत दाखवून माणसं मारायची, ही तुमची जात."

मोराँने पेपरला स्वतःच पत्र लिहिलं. चूक माझी, सही माझी. त्यांनी सहा ओळी छापल्या, हवामानाच्या खाली. त्याच वर्षी सेलेस्ताँने रिबोव्हिलेच्या बाईशी लग्न केलं. कोट दुसरीकडून शिवला. ब्लेझला कुणीतरी सांगितलं की तुझंच बरोबर होतं. तो म्हणाला, "आता त्याचा काय उपयोग."

मोराँने कॅमेरा खोक्यात बंद करून माझ्या टेबलाखाली ठेवला आणि मुलूझजवळच्या क्षाराच्या खाणीत जमिनीखाली कामाला गेला. फुप्फुसं आधीच कच्ची. मी म्हटलं, हे तुझं काम नाही. तो म्हणाला, "खाली अंधार आहे, दादा. मला अंधाराची सवय आहे." माझ्याशी तो बोलायचा. जेवायला यायचा, आईच्या थडग्याला बरोबर यायचा. त्या गोष्टीबद्दल मात्र पुन्हा कधी अवाक्षर नाही, ना रागाने ना प्रेमाने. त्रेपन्नच्या जानेवारीत गेला. पंचेचाळीस वर्षांचा. त्याला शेवटचा कोट मी शिवला, गडद निळा. मी शिवलेल्यांतला सगळ्यात चांगला. बटणं तीनदा तपासली.

प्रेतयात्रेला गाव आलं. सालोमे दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. थडग्याकडे बघत ती जमिनीवर थुंकली. सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाही मी बोललो नाही. भावाला पुरताना मी माझं नाव वाचवत होतो.

गेल्या महिन्यात मात्र सालोमेकडे गेलो. आता का, ते मलाच नीट सांगता येत नाही. दुकानात एक जण कोटाचं माप द्यायला आला होता, नव्या पिढीचा. काचेकडे बघत म्हणाला, तो उलट्या फोटोवाला तुमचाच ना भाऊ? आणि हसला. मी टेप खाली ठेवली आणि तसाच निघालो.

सालोमेच्या अंगणात एकही पिंप उभं नव्हतं. मोराँ खरं सांगून गेला त्याच दिवशी तिने पाणी घालणं थांबवलं होतं. बावीस पिंपं उलगडून फळ्यांचे ढीग झाले होते. ती स्वयंपाकघरात चुलीपाशी बसली होती, एक एक फळी आत सारत. ओकचं लाकूड, वाइन प्यायलेलं. जळताना गोड वास येतो.

"बसा, भाऊजी."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. तो फोटो मी छापला, मोराँने नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं. मोराँला साडेचार वर्षं माहीत नव्हतं. चूक त्याने माझी घेतली.

तिने चुलीतली जळकी फळी पुढे ढकलली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे हाही गेला तो फुकट शिव्या खाऊन," ती म्हणाली. "दोघं झाले. दोन मेलेल्या माणसांना मी शिव्या दिल्या, तिएबो."

भाऊजी म्हणाली नाही.

"मला दे शिव्या," मी म्हणालो. "मी जिवंत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नजर काढून घेतली आणि ढिगातली पुढची फळी उचलली.

"उरल्या नाहीत," ती म्हणाली, आणि फळी आत सारली. "जाताना दार ओढून घ्या. धूर फिरतो."

मी दार ओढून घेतलं. घरी येऊन काचेतला पेपर काढला. तिथे आता मोराँचा दुसरा फोटो लावलाय, म्हातारी उंबरठा झाडतेय तो. खाली मी माझ्या हाताने लिहिलंय, मोराँ हेबरले. लोक थांबून बघतात. कुणी विचारलं तर मी सांगतो, तो दुसरा फोटो मी छापला होता, मी. ते हसतात, म्हणतात, थोरला भाऊ आहे, पाठीशी घालतोय.